उरल्यासुरल्या लोकरीची साठ वाणं: एका महिला मंडळाचं प्रकरण

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचं महिला मंडळ. दरवर्षी संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत त्यांचं सामुदायिक हळदीकुंकू होतं आणि मंडळातर्फे सगळ्यांना एकसारखं वाण दिलं जातं. प्लास्टिकचे डबे झाले, चाळण्या झाल्या, कापडी पिशव्या तर दोनदा झाल्या. दिवाळीनंतरच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, यंदा विकतचं नको. मग प्रत्येकीच्या कपाटात, माळ्यावर, बेडच्या खणात पडलेल्या लोकरीचा विषय निघाला. विणकामाचे वर्ग घेते म्हणून मला बोलावणं आलं. मंडळ सवाष्ण-विधवा असा भेद न करता सगळ्यांना बोलावतं, त्यामुळे आकडा साठ धरायचा होता. प्रश्न सरळ होता: या लोकरीतून साठजणींना देता येईल असं काय होईल?

आधी ही लोकर साठते कशी ते सांगायला हवं, कारण उपाय त्यातच दडलेला असतो. आपल्याकडे थंडी ती केवढी! स्वेटर दोन-चार वर्षांतून एखादा होतो. बाकी विणकाम म्हणजे बाळंतविडा: टोपडं, झबलं, मोजे, दुपटं. त्यातून पांढरे, फिके गुलाबी, आकाशी आणि लिंबू रंगाचे अर्धे-पाव गोळे उरतात. शिवाय लोकर घेताना प्रत्येकजण एखादा गोळा जास्तीचा घेते. गोळ्याच्या चिठ्ठीवर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे लॉटचा नंबर असतो. लॉट बदलला की तोच रंग एक छटा फिका किंवा गडद येतो आणि पाठीवर पट्टा उमटतो. म्हणून जास्तीचा गोळा घेणं शहाणपणाचंच, पण तो वापरला गेला नाही की दुकानदार सहसा परत घेत नाही. अशा जास्तीच्या गोळ्यांवर कित्येक घरांचे खण भरलेत.

मंडळाच्या हॉलमध्ये सतरंजीवर सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्या. पहिला उत्साह रंगांचा होता. लाल इकडे, निळे तिकडे, असे ढीग व्हायला लागले. मी ते थांबवलं. उरलेल्या लोकरीत रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी धागा कशाचा, मग जाडी किती, मग वजन किती. दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं अॅक्रिलिक असतं. ते वाईट नाही. धुतल्यावर आटत नाही, रंग पक्का राहतो, कसर लागत नाही. पण ते मुळात प्लास्टिकच्या जातीचं आहे, हे विसरून चालत नाही. जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या केव्हाच हरवलेल्या असतात. स्पर्शावरून ओळखतो असं सगळ्याच म्हणतात आणि निम्म्या वेळा फसतात.

त्यावरून लगेच एक वाद झाला आणि तो मिटवण्यातच या प्रकरणाची दिशा ठरली. काहीजणींनी कपाखालच्या चकत्या सुचवल्या होत्या. मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ आजींचं म्हणणं मात्र होतं की समईखाली किंवा निरांजनाखाली ठेवायचे रुमाल करा, नाहीतर नैवेद्याच्या ताटाभोवतीची महिरप करा. "संक्रांतीचं वाण आहे, देवापाशी ठेवता येईल असं काहीतरी हवं. ते कपाखालचं काय घेऊन बसलात!" कल्पना देखणी होती. रुखवतात अशा महिरपी मीही केल्या आहेत. मी आजींना म्हटलं, "तुम्ही म्हणाल ते करू, पण आधी एक बघा." आत जाऊन स्टीलची ताटली, चिमटा आणि काडेपेटी आणली. तीन वेगळ्या गोळ्यांचे बोटभर तुकडे घेतले.

पहिला तुकडा शुद्ध लोकरीचा निघाला. काडी लावली की तो कुरकुरला, केस जळल्याचा वास आला आणि काडी बाजूला करताच आपोआप विझला. राख चिमटीत घेतली तर भुगा झाला. दुसरा सुती: कागदासारखा भुरुभुरु जळला, वासही कागदाचाच, राख करडी आणि मऊ. तिसरा अॅक्रिलिकचा. तो पेटला तो विझेना, काळा धूर सोडत वितळत गेला, एक पेटता थेंब ताटलीत टपकला आणि थंड झाल्यावर त्याचा काळा कडक मणी झाला. आजींनी तो मणी नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही. "हे वातीखाली नको गं बाई," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. दारंखिडक्या उघड्या ठेवून, कापडापासून लांब, पाण्याचा तांब्या शेजारी घेऊनच ही परीक्षा करायची, हे सांगून ठेवते.

याच कारणाने कढई-तवा उचलायच्या पकडी, गरम पातेल्याखालच्या जाड चकत्या हे सगळं अॅक्रिलिकच्या यादीतून बाद झालं. चहाचा कप किंवा पाण्याचं फुलपात्र चालतं, गॅसवरून उतरलेलं भांडं नाही. यूट्यूबवर रंगीबेरंगी पकडी करून दाखवणाऱ्या कितीजणी हे सांगत असतील कोण जाणे.

वर्गवारी करून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन केलं. एकूण २ किलो ३५० ग्रॅम भरलं. त्यात अॅक्रिलिक सुमारे १ किलो ६०० ग्रॅम, एका जुन्या स्वेटरची उसवलेली शुद्ध लोकर ४०० ग्रॅम, सुती धागा १५० ग्रॅम, आणि बाकीचे दोनेकशे ग्रॅम म्हणजे बोटभर-हातभर तुकडे आणि सुटण्यापलीकडचा गुंता. अॅक्रिलिकमध्ये सगळ्यात मोठा गोळा साठएक ग्रॅमचा होता. बहुतेक गोळे ५ ते २० ग्रॅमच्या मधले.

इथे पुष्कळजणी चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी नमुना आवडतो, मग त्याला पुरेल अशी लोकर शोधली जाते, ती अर्ध्यावर संपते, मग तिच्याशी जुळणारा नवा गोळा येतो आणि त्यातलाही निम्मा उरतो. उरलेल्या लोकरीत गोळ्याच्या वजनाने वस्तू ठरवायची. या मंडळातही दोन-तीनजणींना चौकोन जोडून मोठी गोधडी करायची होती आणि ती चिठ्ठी टाकून कुणाला तरी द्यायची होती. मी हिशेब मांडला. चार फेऱ्यांचा चौकोन, प्रत्येक फेरी वेगळ्या रंगाची, म्हणजे एका चौकोनाला आठ टोकं. बेताच्या पांघरुणाला शंभर चौकोन धरा. आठशे टोकं सुईने आत ओवून लपवायची! विणायला बायका मिळतात, टोकं लपवायला मिळत नाहीत. मोबाइल ठेवायच्या पिशव्या आणि तिळगुळाचे बटवेही सुचवले गेले, आणि बटवा मला स्वतःला फार आवडला होता. पण एका बटव्याला सरावाच्या हातालाही दीड-दोन तास जातात आणि क्रोशा नीट येणाऱ्या चौघीच होत्या. साठ बटवे म्हणजे त्या चौघींना शिक्षा झाली असती.

म्हणून कपाखालच्या गोल चकत्या ठरल्या. कोस्टर म्हणा हवं तर. प्रत्येकीला दोन, म्हणजे १२० नग.

पहिला नमुना एकेरी धाग्याने, खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांच्या, तीन फेऱ्यांचा केला: १२, २४, ३६. वीस मिनिटांत झाला, दिसायला छान, आणि निरुपयोगी. पातळ, लुळा, खांबांमधल्या फटींतून पाणी थेट टेबलावर. मग दोन धागे एकत्र घेऊन क्रोशाच्या ५.५ मिलिमीटरच्या सुईने मुक्या खांबांची, म्हणजे बुटक्या टाक्यांची, चकती विणली. सुरुवातीच्या फासात ६ मुके खांब, मग दर फेरीला सहा-सहा वाढवत १२, १८, २४, ३०. शेवटी ३६ खांबांची काठाची एक फेरी. साधारण दहा सेंटिमीटर व्यासाची, दाट, टेबलावर चपटी बसणारी वस्तू झाली. तिचं वजन ५ ग्रॅम.

दुहेरी धाग्याने आणखी एक अडचण सोडवली. बाळंतविड्यातले ते फिके गुलाबी, आकाशी रंग एकटे वापरले की वस्तू बाळाचीच वाटते. तेच मरून किंवा गडद हिरव्याबरोबर जोडून घेतले की ठिपक्याठिपक्यांचा मिश्र रंग तयार होतो आणि फिकेपणा दिसेनासा होतो. शिवाय बेबी वूलचा धागा बारीक असतो. त्याचे दोन पदर आणि जाड लोकरीचा एक, असं धरलं की जाडीही जमते. टोकंही आटोक्यात राहतात: सुरुवातीची दोन तर विणतानाच पुढच्या खांबांत झाकत न्यायची.

आता रंग. १२० चकत्या १२० तऱ्हांच्या दिसणार होत्या आणि ताटात मांडल्यावर ते वाण न वाटता चिंध्या वाटल्या असत्या. उरल्यासुरल्यातून केलेली वस्तू गरिबीची दिसते ती याच ठिकाणी. सगळीकडे समान असा एक धागा त्यात हवा. संक्रांत आहे म्हटल्यावर तो कुठला, हे सांगायला लागलं नाही: सगळ्यांच्या काठाची फेरी काळी. आत काहीही रंग असो, चंद्रकळेच्या काळ्याने सगळं एका घरातलं दिसायला लागलं. यासाठी मात्र नवी लोकर घ्यावी लागली. काठाला दोन्ही पदर मिळून सुमारे ४ मीटर धागा जातो. १२० चकत्यांना ४८० मीटर. ५० ग्रॅमच्या गोळ्यात या जाडीची लोकर १३० मीटरच्या आसपास भरते, म्हणजे चार गोळे पुरे होते. तुळशीबागेत आणायला गेलेल्या वहिनी पाच घेऊन आल्या. दुकानदार म्हणाला, नंतर लॉट बदलेल!

वाटणी करताना प्रत्येकीला काटा लावून पुड्या दिल्या. एका चकतीला काळा सोडून साधारण साडेतीन ग्रॅम लोकर लागते, म्हणजे दोन्ही पदरांना पावणेदोन-पावणेदोन ग्रॅम. त्यामुळे २ ग्रॅमच्या खालचा प्रत्येक तुकडा सरळ गोंड्यांच्या डब्यात टाकायचा, असा नियम केला. हा नियम कडक ठेवला म्हणून काम पुढे गेलं. नाहीतर "एवढीशी आहे, पुरेल का बघते" यात दुपारी जातात.

विणायला सुरुवात झाल्यावर हातांचे स्वभाव दिसायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा हात भलता घट्ट. त्यांच्या चकतीच्या तिसऱ्या फेरीपासून कडा वर उचलायला लागायच्या आणि पाचव्या फेरीला सरळ वाटी व्हायची. त्यांना वाटत होतं खांब कमी पडतायत, म्हणून त्या मधेच दोन-तीन वाढवत होत्या. त्याने वाटी एका बाजूने कलली, बाकी काही नाही. हे वाढवलेले सोडून मोजलं तर खांब बरोबर होते. फेरीचा घेर आणि फेरीची उंची यांचं गणित हातागणिक बदलतं. घट्ट हाताला घेर कमी पडतो आणि वाटी होते. सैल हाताला घेर जास्त होतो आणि कडेला झालर येते. काकूंना ६.५ ची सुई दिली, नमुना तोच. चकती चपटी झाली. झालर येणाऱ्या एका ताईंना उलट ४.५ ची दिली. आकडे न बदलता सुई बदलायची, हे एकदा कळलं की गोलाकार विणकामातली निम्मी रडारड संपते.

काकूंच्या आधीच्या वाट्या उसवायच्या नाहीत असं ठरलं. दोन-दोन वाट्या तोंडाला तोंड लावून शिवल्या, आत कापलेली टोकं गच्च भरली आणि टाचण्या-सुया खोचायच्या गाद्या झाल्या. त्या वाणात दिल्या नाहीत, शिवणकाम करणाऱ्यांनी मागून नेल्या.

क्रोशा न येणाऱ्यांना टोकं ओवणं, जोड्या लावणं आणि गोंडे ही कामं दिली. पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळायची, मध्ये आवळून बांधायची, दोन्ही बाजू कापून गोल छाटायचं, एवढंच गोंड्याचं तंत्र. पण बांधताना अॅक्रिलिकचा धागा ताणला जातो, गाठ सैल बसते आणि चार दिवसांत गोंड्याचे केस गळायला लागतात. मधली गाठ जाड सुती दोऱ्याची हवी. अशा गोंड्यांचं तोरण हॉलच्या दाराला लागलं. गोंडे लोकर खातात मात्र भरमसाट. बोटभर तुकड्यांचा डबा तोरण अर्धं होईपर्यंत रिकामा झाला आणि पुढे चांगले गोळे घ्यावे लागले.

शुद्ध लोकरीचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होता. ती अॅक्रिलिकबरोबर एका वस्तूत घालायची नाही, कारण गरम पाण्यात आणि घासण्याने ती आटते, अॅक्रिलिक आटत नाही, आणि वस्तू वेडीवाकडी होते. ही लोकर एका ताईंच्या सासऱ्यांच्या स्वेटरची होती. कोपराला कसर लागून भोकं पडली होती म्हणून उसवला होता. उसवलेला धागा नूडल्ससारखा वळ्यावळ्यांचा असतो. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि न पिळता दोरीवर टांगली. वळ्या गेल्या. (अॅक्रिलिकच्या वळ्या नुसत्या पाण्याने जाता जात नाहीत. वाफ द्यावी लागते आणि ती जास्त झाली तर धागा कायमचा लुळा पडतो.) कसरीची अंडी राहिली असतील म्हणून लडी हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवली होती.

भोकांमुळे धागा तुकड्यातुकड्यांत होता. अशा लोकरीला गाठ मारू नये. दोन्ही टोकं जरा विंचरून एकमेकांवर ठेवायची, पाण्याने ओली करायची आणि दोन तळव्यांत जोरात चोळायची. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि धागा अखंड होतो. आजींनी हे पाहिलं आणि पुढचे सगळे जोड त्यांनीच दिले. अॅक्रिलिकवर हा प्रयोग केला तर नुसते तळवे गरम होतात.

त्या लोकरीचा रात्रपाळीच्या वॉचमनकाकांसाठी मफलर झाला. सगळे सुलट टाके, त्यामुळे दोन सुयांवर नव्याने शिकणाऱ्या मुलींनी आळीपाळीने विणला. शेवटच्या ओळींना लोकर पुरेल का, हे बघायची साधी रीत आहे: एका ओळीला मफलरच्या रुंदीच्या साधारण चौपट धागा लागतो, आणि टाके बंद करायला तेवढाच किंवा थोडा जास्त. धागा रुंदीवर मोजून बघायचा, अंदाजाने एक ओळ जास्त विणायची नाही. सुती धाग्याच्या दुहेरी विणीच्या तीन जाड पट्ट्या झाल्या. त्या हॉलच्या स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्याखाली गेल्या.

हे विकता येईल का, असा प्रश्न आलाच. एक चकती करायला अर्धा तास, सामान जवळपास फुकट, तरी प्रदर्शनात तिला कुणी मजुरीचे पैसे देणार नाही. शिवाय उरलेल्या लोकरीची वस्तू दुसऱ्यांदा तशीच करता येत नाही, आणि गिऱ्हाईक मागतं ते नेमकं "हीच, अजून सहा". माझं स्पष्ट मत आहे की हा भेटीचा माल आहे, धंद्याचा नाही. बचत गटाला लोकरकामाचा धंदा करायचा असेल तर त्यांनी नवी लोकर एका लॉटची घ्यावी.

हळदीकुंकवाला १२० पैकी ११६ चकत्या तयार होत्या. दोघींनी घरातल्या दुसरीला मिळालेल्या वाणातच भागवलं. चकत्यांची जोडी काळ्याच लोकरीने बांधून मध्ये तिळाची वडी ठेवली होती. काहीजणींनी घरी नेऊन त्या तांब्याखाली ठेवल्या, एकीने फुलदाणीखाली, आणि एका घरात त्या बाहुलीच्या गाद्या झाल्या.

तक्रार आली ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या वेळी. तीन-चार घरांत चकत्या लुळ्या आणि चकचकीत झाल्या होत्या. विचारल्यावर कळलं, धुऊन झाल्यावर कडा वळल्या म्हणून इस्त्री फिरवली होती. अॅक्रिलिकवर इस्त्री दाबली की तंतू चपटे होतात, ते परत उठत नाहीत. ओल्या असताना हाताने ताणून, जाड वहीखाली रात्रभर दाबून वाळवायच्या, ही सूचना वाणाबरोबर चिठ्ठीवर द्यायला हवी होती असं सगळ्यांचं मत पडलं. आता मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर ती टाकलेली आहे.

शिल्लक राहिली ती जवळजवळ एक किलो अॅक्रिलिक लोकर, पाचव्या काळ्या गोळ्यासकट. त्यातली बारीक बेबी वूल वेगळी ठेवली आहे. मोज्यांच्या एका जोडीला वीसेक ग्रॅम पुरतात, तेव्हा त्यात बरेच जोड होतील. भडक रंगांच्या गोळ्यांना मात्र गिऱ्हाईक आपणहून आलं. मंडळातल्या एकीचं माहेर मराठवाड्यातलं, घरी अजून बैल आहेत. पोळ्याला शिंगांना आणि माथ्यावर बांधायला गोंडे हवेत, असा तिच्या भावाचा निरोप आला. पोळा भर पावसाळ्यात येतो. सुती गोंडे भिजले की जड होतात, कच्चा रंग असला तर बैलाच्या कपाळावर उतरतो. अॅक्रिलिक झटकलं की वाळतं आणि रंग सोडत नाही, त्यामुळे इथे ते सुतापेक्षा सरस. लाल, पिवळा, हिरवा आणि मध्ये काळा, असे मुठीएवढे गोंडे करायला घेतलेत, गाठ अर्थात सुती दोऱ्याची. चार बैलांचे करायचे आहेत, आणि भावाने वासरासाठी एक छोटा जास्तीचा सांगितलाय.